बुडीत वाट

नदी मी आयुष्यभर दोन प्रकारे कागदावर काढली. एक वरून पाहिलेली, जिला आमच्या ऑफिसात 'प्लॅन' म्हणत, आणि दुसरी कलिंगड चिरावे तशी आडवी चिरून दाखवलेली, म्हणजे 'सेक्शन'. छत्तीस वर्षे ड्राफ्ट्समनची नोकरी केल्यावर माझे असे मत झाले आहे की प्लॅनवर फार विसंबू नये. प्लॅनमध्ये कुठलीही नदी देखणीच दिसते; निळा रंग भरला, काठाने झाडांचे हिरवे गोल काढले आणि दोन-चार माणसे फिरायला सोडली की साहेबही खूश आणि गिऱ्हाईकही खूश. सेक्शनमध्ये ही सोय नसते. तिथे पाण्याला पातळी द्यावी लागते, आणि पातळी द्यायची म्हटली की लगेच प्रश्न येतो, कुठल्या दिवसाची? मे महिन्यातली पुण्याची मुठा नदी पात्रातल्या बुटक्या भिडे पुलापाशी बशीच्या तळाला उरलेल्या चहाएवढी असते आणि जुलैच्या अखेरीस हीच बशी भरून पुलावरून वाहते. या दोन पातळ्यांमध्ये जी जमीन येते तिला नकाशात कोणता रंग द्यायचा, हे माझे समाधान होईल असे मला एकाही साहेबाने सांगितले नाही.

निवृत्तीनंतर हा प्रश्न सुटला असे वाटले होते. पण पुण्याच्या नदीकाठ सुधार योजनेचे नकाशे पाहायला मिळाले आणि जुनी खोड उफाळून आली. योजना लहान नाही. मुळा २२.२ किलोमीटर, मुठा १०.४ आणि संगमानंतरची मुळा-मुठा ११.८, अशी ४४ किलोमीटरहून थोडी अधिक लांबी, त्याचे अकरा टप्पे आणि खर्च सुमारे ४,७०० कोटी रुपये. मार्च २०२२ मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि काम आधी संगमवाडी, बंडगार्डन, मुंढवा या खालच्या बाजूने सुरू झाले. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेचा, म्हणजे ज्यांनी साबरमतीचा काठ बांधला त्यांचाच. दोन्ही काठांनी सलग चालता येईल असा रस्ता, काही ठिकाणी वरचा एक आणि पाण्याजवळचा खालचा एक, पायऱ्या, बागा, सायकलींसाठी मार्ग, पाणी अडवून धरणारे बंधारे, अशी त्याची ढोबळ मांडणी आहे.

मी या योजनेच्या विरोधात मनाशी गाठ बांधून बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. नदीकाठ जसा आहे तसाच ठेवा असे म्हणणाऱ्यांनी एकदा म्हात्रे पुलाखालून विठ्ठलवाडीपर्यंत पायी जाऊन दाखवावे. मी गेलो आहे. वाटेत राडारोड्याचे ढीग लागतात, ज्यांवर घाणेरी आणि सुबाभूळ इतकी माजलेली असते की ढीग कोणत्या वर्षाचा हे झुडपाच्या उंचीवरून ओळखावे. फुटलेल्या फरशा, कमोडचे तुकडे, नारळ, देवांच्या तसबिरी, गाद्यांमधला कापूस, असे घरातून नकोसे झालेले सगळे शहराने पाठीमागच्या दाराने आणून टाकलेले असते. पेठेत राहणाऱ्या माणसाला नदी म्हणजे दुचाकी लावायची जागा आणि गणपतीत हौद ठेवायची जागा. संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईने तिथून जावे असे कोणी म्हणणार नाही. अशा काठावर नातवाचे बोट धरून तीन-चार किलोमीटर सलग चालता येईल असा रस्ता कोणी करू म्हणत असेल, तर त्याला पहिल्याच वाक्यात खोडून काढणे बरोबर नाही.

माझी अडचण त्या रस्त्याच्या उंचीशी आहे.

माझी आई नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आई तेव्हा लग्नाची होती. पानशेतची गोष्ट सांगताना तिने एकदाही फूट किंवा मीटर असा शब्द वापरल्याचे मला आठवत नाही. "आधी तुळशीवृंदावन गेलं, मग ओटी गेली, मग आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागलो," असे ती सांगायची. सात पायऱ्या गेल्यावर आजोबांनी मोजणे थांबवले आणि सगळ्यांना शेजारच्या उंच वाड्याच्या गच्चीवर नेले. नदीची पातळी घरातल्या वस्तूंनी मोजायची ही रीत एकट्या माझ्या आईची नव्हे. नाशिकला गोदावरीचा पूर आजही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीने मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्याशी आले, एवढे म्हटले की अख्ख्या गावाला काय ते कळते. पुण्यात मारुतीचे हे काम भिडे पुलाने पत्करले आहे. मुसळधार पावसात पुणेकर एकमेकांना फोन करून पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की भिडे पूल पाण्याखाली गेला का?

सरकारी भाषेत या मोजमापाला पूररेषा म्हणतात. निळी रेषा म्हणजे ढोबळ मानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुठेसाठी निळ्या रेषेचा हिशेब खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट, आणि लाल रेषेचा एक लाख क्युसेक पाणी सुटेल असा धरलेला आहे. यातली मेख वरच्या धरणांमध्ये आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी साठते, पण त्यातला खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसीचा. म्हणजे वरची तीन मोठी भांडी भरली की सगळा भार शेवटच्या वाटीवर येतो, आणि ती वाटी भरायला वेळ लागत नाही. मग रात्री-बेरात्री विसर्ग वाढवावा लागतो आणि ते पाणी काही तासांत शहराच्या मध्यावर येऊन थडकते.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे असेच झाले. विसर्ग वाढत वाढत त्या सकाळी सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला, म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्याच्या बाजूला एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत लोक झोपेत असताना पाणी पार्किंगमधून वर चढले. माझी मावसबहीण त्याच पट्ट्यात तळमजल्यावर राहते. पाणी उतरल्यावर मी तिच्याकडे गेलो तो फावडे आणि मोजपट्टी घेऊन; फावडे उपयोगाला म्हणून आणि मोजपट्टी सवयीने. भिंतीवर पाण्याची रेघ इतकी सरळ उठली होती की माझ्या हाताने टी-स्क्वेअरची पट्टी धरूनही तशी आली नसती. जमिनीपासून चार फूट दोन इंच. ओट्यावरचा मिक्सर गाळाने भरला होता. बहिणीने त्याचे भांडे पालथे करून तळाला थाप मारली तेव्हा आतला गाळ भांड्याच्याच आकारात अख्खा खाली पडला, साच्यातून मोदक पडावा तसा, आणि पात्यांनी पाडलेली खाच त्यावर स्पष्ट दिसत होती. ती म्हणाली, "दादा, हे सुद्धा मोजून घे." त्यावर आम्ही दोघे हसलो, आणि मग ती बराच वेळ गप्प बसली.

घरी येऊन मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत होतो. निळी रेषा ६० हजारांची, पाणी आले ३५ हजारांचे, तरी घरात चार फूट. धरणाखालच्या ओढ्यांचे आणि त्या रात्री शहरावर पडलेल्या पावसाचे पाणी त्यात मिळाले होते हे खरे, पण तेवढ्याने माझे समाधान होईना. रेषा काढली तेव्हाचे पात्र आणि आजचे पात्र एक राहिलेले नाही, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. कुठे भराव पडला, कुठे पात्रातून रस्ता गेला, कुठे भिंत आली, कुठे मेट्रोचे खांब आले. यातली प्रत्येक गोष्ट मंजूर करताना कोणीतरी सेक्शन काढलाच असेल आणि एवढ्याने काय होते असे म्हणून खाली सहीही केली असेल. मीही असे सेक्शन काढले आहेत, म्हणून हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी लाजही.

आता त्याच पात्राच्या कडेने सलग बांध आणि त्यावर रस्ता यायचा आहे. योजनेच्या बाजूने सांगितले जाते की पात्रातले अडथळे काढल्यावर आणि गाळ उपसल्यावर पाणी वाहून नेण्याची क्षमता वाढेल आणि पुराची पातळी उलट खालीच येईल. विरोधकांचे म्हणणे असे की बांधांनी नदीचा आडवा छेद आवळला जाईल आणि पाणी वर चढेल. हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जाऊन आला आहे आणि आकड्यांनी लढण्याइतका जलशास्त्राचा अभ्यास माझा नाही. पण साबरमतीशी केलेली तुलना मात्र मला सुरुवातीपासून पटलेली नाही. तिथे वाळूचे रुंद पात्र होते आणि वर्षातले बरेच महिने ते कोरडे पडत असे. ते सुमारे २६३ मीटर एवढ्या एकसारख्या रुंदीचे करून दोन्ही बाजूंनी मिळून २०० हेक्टरच्या आसपास जमीन काढता आली आणि पात्रात पाणी दिसावे म्हणून नर्मदेच्या कालव्याचा आधार घेता आला. मुठा ही सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून उतरलेली, काळ्या पाषाणावरून धावणारी आणि पेठांच्या मधून जाताना मुळातच अरुंद असलेली नदी आहे. तिच्याकडून काढून घ्यायला जमीन शिल्लक आहे कुठे?

शिवाय ओढ्यांचे काय, हा प्रश्न प्लॅनमध्ये दिसतच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा वीसहून अधिक माणसे गेली, आणि तो पूर धरणाचा नव्हता. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस तासाभरात वस्त्यांतून खाली आला होता. अशा ओढ्याला नदीत पडायला जागा लागते. नदीची पातळी वर असली की ओढ्याचे पाणी मागे सरते, त्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात, आणि तो काठापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत, नदी दिसतही नाही अशा गल्लीत घरात शिरतो. काठावरच्या रस्त्याचा विचार करताना या गल्लीचा सेक्शन कोणी काढला आहे का, हे मला पाहायचे होते.

आराखडे लोकांना दाखवायला मांडले होते तेव्हा मी हेच विचारले. तिथे उभा असलेला तरुण अभियंता अतिशय नम्र होता. प्रत्येक फलकापाशी थांबून तो समजावून सांगत होता, आणि मी या धंद्यातला आहे हे कळल्यावर त्याने खुर्चीही आणून दिली. खालच्या काठरस्त्यावर बोट ठेवून मी विचारले, "हा पुरात जाणार ना?"

"हो काका, खालचा भाग पावसाळ्यात बंद ठेवायचा आहे."

"बंद करणार कोण? आणि पाणी उतरल्यावर चालू कोण करणार?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ते देखभालीत येतं, काका."

त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. पण फलकावरच्या चित्रात त्या रस्त्याला स्टीलचे कठडे होते, शोभेचे दिवे होते, बाके होती आणि कुंड्यांत लावल्यासारखी झाडे होती. पाणी उतरल्यानंतरचा नदीकाठ ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असते की कठडा हा पुरात प्लास्टिक गाळायची चाळणी होतो. प्लास्टिकच्या पिशव्या, साड्या, गवताच्या पेंढ्या त्यात अडकतात, चाळणीची भिंत होते आणि मग कठडा तरी जातो किंवा पाणी तरी वर चढते. दिव्यांच्या वायरी वर्षभरात कामातून जातात. पावसाळ्यात जे जाणारच आहे ते कायमचे म्हणून बांधायचे आणि मग देखभालीच्या खात्यात टाकायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. त्यात त्या बिचाऱ्या पोराचा काही दोष नाही.

खरे तर हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी सोडवून ठेवलेला होता. घाट म्हणजे दुसरे काय? घाटाचा सेक्शन काढून पाहावा. खालच्या पाच पायऱ्या वर्षभर ओल्या, मधल्या दहा पावसाळ्यापुरत्या पाण्यात, वरच्या पाच एखाद्याच वर्षी. पाणी कुठेही असले तरी माणसाला पाण्याशी नेऊन सोडणारी ती रचना आहे, आणि प्रत्येक पातळी ही तिची खरी पातळीच असते. वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे, रास्ते सरदारांनी बांधलेले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पूर आला की पाणी दोन बाजूंना फुटून निघून जावे. देऊळ पाण्यात उभे राहणार हे गृहीत धरून गवंड्याने दगड घडवला. पुण्यातही ओंकारेश्वरापाशी आणि वृद्धेश्वर-सिद्धेश्वराच्या घाटावर ही समज दिसते, अर्थात भोवतालची दुर्दशा थोडी नजरेआड केली तर. हल्ली परदेशातली उदाहरणे द्यायची पद्धत आहे म्हणून एक देतो. नेदरलँड्समध्ये निजमेगेन शहरापाशी वाल नदीचा बांध त्यांनी साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी पन्नासएक घरे हलवली, नदीला दुसरी वाट खणून दिली आणि मधे जे बेट तयार झाले तिथे लोकांना फिरायला जागा केली. आपल्याला मध्यवस्तीत तसे करणे जमणार नाही. पण निदान आहे त्यात पुढे सरकू नये, एवढे तरी त्यातून घेता येईल.

मला कोणी विचारले असते, आणि कोणी विचारले नाही, तर मी काठरस्ता दोन जातींचा काढला असता. एक वरचा, निळ्या रेषेच्या बाहेर, जिथे दिवे, बाके, कठडे, भेळेची गाडी, काय हवे ते करावे. जिथे पूररेषेत इमारती आहेत तिथे तो मधे तुटला तरी तुटू द्यावा आणि गल्लीतून वळसा घालून पुढे न्यावा. सलगपणाचा एवढा हट्ट कशाला, पुण्यात सरळ कोणता रस्ता गेला आहे? आणि दुसरी खालची वाट, नऊ महिन्यांची. तिला भराव घालायचा नाही. आहे त्या उतारावर घट्ट बसवलेले काळे दगड, चालणाऱ्याच्या एका पावलाएवढ्या अंतरावर, आणि दोन्ही बाजूंना वाळुंज, उंबर, करंज, पाणजांभूळ, ज्यांना पाण्यात उभे राहायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. वाळुंजाच्या फांद्या पुरात प्रवाहाच्या दिशेने लवतात आणि पाणी ओसरले की आठवडाभरात पुन्हा सावरतात. एप्रिल २०२३ मध्ये बंडगार्डनच्या बाजूला झाडे तोडली जाणार म्हणून लोक झाडांना मिठ्या मारायला रस्त्यावर आले, तेव्हा एका झाडाच्या बदल्यात अमुक झाडे लावू असा हिशेब मांडला जात होता. दुसरीकडे लावलेली झाडे माती धरतील, सावलीही देतील. नदीच्या उतारावर उभे राहून पाण्याचा वेग तोडण्याचे काम त्यांच्याकडून कसे होणार, हे मात्र त्या हिशेबात नव्हते.

आणि वास. यावर फार लिहायची गरज नाही, पण न लिहिता पुढे जाताही येत नाही. बंडगार्डनपाशी जो नमुन्याचा भाग झाला आहे तिथे मी फेब्रुवारीत गेलो होतो. दगडकाम नेटके आहे, चढ सोपा आहे, व्हीलचेअरवरच्या एक आजी मजेत चालल्या होत्या. पण पदर नाकाला लावून. जपानच्या कर्जसाहाय्याची ३९६ एमएलडी, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटर, क्षमतेच्या अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना २०१६ पासून ऐकतो आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुंढवा-केशवनगरच्या बाजूला जलपर्णीतून उठलेल्या डासांचे खांबच्या खांब आकाशात फिरताना सगळ्या शहराने मोबाइलवर पाहिले. बंधाऱ्यांनी हेच पाणी बारा महिने अडवून धरायचे असेल, तर आधी ते अडवण्याच्या लायकीचे करावे लागेल, हे सांगायला ड्राफ्ट्समन कशाला हवा.

पुन्हा भिडे पुलाकडे येतो. या पुलाला बिनडोक म्हणणारे बरेच आहेत. दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पूल बांधलाच कशाला, असे ते विचारतात. मीही तरुणपणी त्यांच्यातच होतो. आता वाटते, या शहरातल्या नव्या बांधकामांत नदीला हो म्हणायला तयार असलेले मला तरी एवढे एकच दिसते. त्याला आडवा येणारा उंच कठडा नाही, पाणी आले की तो निमूट खाली जातो, दोन्ही टोकांना पोलीस बॅरिकेड लावतात, आणि लोक शेजारच्या उंच झेड ब्रिजवर उभे राहून त्याच्या जागी वाहणारे तपकिरी पाणी बघतात.

२०२४ च्या त्या जुलैतला पूर ओसरल्यावर एका सकाळी मी डेक्कनच्या बाजूने तिथे उतरलो. पूल पूर्ण वर आला होता, पण त्यावर बोटभर चिकट गाळ बसला होता. चार-पाच कामगार मोठ्या पाइपने पाणी मारत आणि खराट्याने गाळ लोटत पेठेच्या बाजूने इकडे येत होते, आणि त्यांच्या मागे धुतलेला डांबराचा काळा पट्टा हळूहळू लांब होत होता. बॅरिकेडपाशी माझ्याशेजारी एक दूधवाला सायकल धरून उभा होता. अर्ध्यावर काम आल्यावर त्याने तोंडाशी हात नेऊन हाक मारली, "ओ भाऊ, येऊ का?"

"दहा मिनिटं थांबा, मामा," पलीकडून आवाज आला, "मधे अजून निसरडंय."

त्याने सायकल स्टँडला लावली, कॅनचे झाकण घट्ट केले आणि बॅरिकेडला टेकून उभा राहिला.